एकट्याचं ब्लॅक मेटल: आधी नकार, मग गिटार

नव्या पोरांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, पेडल कुठलं घेऊ?" पेडल म्हणजे गिटारचा आवाज बदलणारी पायाखालची डबी. मी उलट विचारतो, "तुला काय काय नको आहे?" पोरांना वाटतं मी टाळतोय. पण ब्लॅक मेटल, म्हणजे हेवी मेटलचा कच्चा, किंचाळ्यांचा प्रकार, एकट्याने करायचा तर त्या प्रकल्पाची सुरुवात इथूनच होते, आणि पेडलचं उत्तरही याच प्रश्नातून निघतं.

मी चिपळूणचा. लोट्याच्या एमआयडीसीत शिफ्टची नोकरी, उरलेल्या वेळात माडीवरच्या खोलीत गिटार, लॅपटॉप आणि मी. ड्रमर नाही, बेसवाला नाही, ऐन वेळी "आज जमत नाही रे" म्हणणारा कोणी नाही. खाली लिहिलंय ते याच खोलीत वापरून झालेलं आहे. तुम्हाला बारे कॉर्ड धरता येतात एवढंच गृहीत धरलंय.

आधी एक पान लिहा

गिटारला हात लावण्याआधी वही घ्या आणि आपल्या प्रकल्पात काय असणार नाही ते लिहा. पाच-सहा ओळी पुरतात. "अंधार, मृत्यू, एकाकीपण" असली यादी मात्र नको, ती सगळ्यांचीच असते. नकार असा हवा की त्याने रेकॉर्डिंगच्या वेळी तुमची अडचण झाली पाहिजे.

उदाहरण देतो. बर्झम हा नॉर्वेच्या व्हर्ग विकेर्नेसचा एकट्याचा प्रकल्प. त्याचा 'फिलोसोफेम' हा अल्बम मार्च १९९३ मध्ये रेकॉर्ड झाला आणि १९९६ मध्ये बाहेर आला. तेव्हा डेथ मेटल फ्लोरिडातल्या चांगल्या स्टुडिओंत चकचकीत होत चाललं होतं आणि नॉर्वेतल्या पोरांना नेमका तो चकचकीतपणा नको होता. विकेर्नेसने सांगितलंय की त्याने तंत्रज्ञाकडे सगळ्यात टाकाऊ माइक मागितला आणि शेवटी एका हेडसेटच्या माइकमध्ये किंचाळला. गिटारला गिटारचा अँप्लिफायर नव्हताच, भावाचा घरातला स्टिरिओ आणि जुनी फझ पेडलं होती. तो आवाज आज लोक हजारो रुपयांच्या प्लगइनने शोधत बसतात. एका नकारातून आलेला आवाज नकार वगळून कसा मिळणार?

दुसरं उदाहरण डार्कथ्रोनचा १९९४ चा 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'. बॅण्ड दोघांचा, पण सगळी वाद्यं एकट्या फेनरिझने वाजवली, तीही घरच्या फोर-ट्रॅक मशीनवर. चार ट्रॅकमध्ये काय मावणार? थोडके रिफ, म्हणजे गिटारवर पुन्हा पुन्हा फिरणारे तुकडे, आणि न थांबणारा एकच ताल. ती गरिबी त्या अल्बमचा स्वभाव होऊन बसली.

आता माझं पान. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं आणि ठिकठिकाणी पहिल्या मजल्याला टेकलं. पुढे कित्येक दिवस गावात दोनच विषय होते, मदत आणि दोष. धरणाचा विसर्ग, नदीतला गाळ, पूररेषा. त्या चर्चा व्हायलाच हव्या होत्या. पण चिखल उपसताना माझ्या डोक्यात वेगळंच बसलं. त्या पाण्याला राग नव्हता. सूड नव्हता. लबाडाचं दुकान गेलं, शेजारच्या माळकऱ्याचंही गेलं. आम्ही नदीच्या हिशेबातच नव्हतो. ब्लॅक मेटलमध्ये माणसाच्या तिरस्काराचा फार गवगवा असतो. मला सरसकट माणसांचा तिरस्कार नाही, सकाळच्या बसमध्ये थोडा असतो तेवढाच. माणूस मध्यभागी नाही ही जाणीव मात्र मला खरी वाटते आणि तिच्यावर गाणी होतात.

मग माझे नकार असे ठरले. नदीला आई म्हणायचं नाही आणि राक्षसीणही म्हणायचं नाही. शब्दांत 'मी' येणार नाही. बर्फ, लांडगे, पाइनची झाडं येणार नाहीत, कारण मी त्यांच्यात राहिलेलो नाही. रिफचा टेक, म्हणजे एका दमात वाजवलेलं रेकॉर्डिंग, कापून-जोडून दुरुस्त करायचा नाही. सोलो नाही. चेहरा नाही. आता बघा यातून काय काय आपोआप ठरलं. 'मी' नाही म्हणून किंचाळी मिक्समध्ये मागे गेली. दुरुस्ती नाही म्हणून वेग माझ्या मनगटाला झेपेल तेवढाच राहिला. सोलो नाही म्हणून महागड्या गिटारचा मोह सुटला. विचार म्हणून लिहिलेलं पान खरेदीची यादीसुद्धा ठरवतं, ते असं.

उसनं विष नको

हे वगळून पुढे जाता येत नाही. विकेर्नेसने १० ऑगस्ट १९९३ ला मेहेम बॅण्डच्या यूरोनिमस या गिटारवाल्याचा भोसकून खून केला. १९९४ मध्ये त्याला खून आणि चर्च जाळल्याबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली. पुढे तो उघड वंशवादी लिहीत राहिला. 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'च्या मागच्या कव्हरवर आधी 'नॉर्वेजियन आर्य ब्लॅक मेटल' असं छापलं होतं, बॅण्डने नंतर ते काढलं आणि माफी मागितली. तंत्र यांच्याकडून घ्या, पण डोळे उघडे ठेवून. नवा अल्बम डोक्यावर घेण्याआधी तो कोण आहे आणि कुठल्या लेबलवर आहे ते पाहायला पाच मिनिटं लागतात.

आपल्याकडे हे विष वेगळ्या बाटलीत येतं. चिपळूण-सातारा-पुण्याकडच्या पोराला पहिली कल्पना सुचते ती गडकिल्ले, तलवार, रक्त, आमची माती. मोह मलाही समजतो, गोवळकोट घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण अभिमानाला ढोल-ताशे आहेत, पोवाडे आहेत, डीजे आहे, चौकातले फ्लेक्स आहेत. त्याला तुमच्या किंचाळीची गरज नाही. आणि 'आमची माती' म्हणता म्हणता 'तुम्ही कोण?' हा प्रश्न कधी येतो ते कळतही नाही.

माती न सोडताही हे जमतं. पॅनॉप्टिकॉन हा अमेरिकेतल्या ऑस्टिन लन याचा एकट्याचा प्रकल्प. २०१२ चा त्याचा 'केंटकी' कोळसाखाणीच्या कामगारांवर आहे, त्यात बँजो आणि संपाची जुनी गाणी थेट ब्लॅक मेटलला भिडतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या बोटॅनिस्टने तर गिटारच सोडून हॅमर्ड डल्सिमर घेतलं, म्हणजे आपल्या संतूरचं चुलत भावंड, आणि माणसांनंतरच्या वनस्पतींच्या राज्याबद्दल गाणी केली. कल्पना ऐकायला वेडगळ वाटते, पण ती त्याने शेवटपर्यंत पाळली म्हणून उभी राहिली.

रिफ: हार्मोनियमवरून सुरुवात करा

ब्लॅक मेटलचा रिफ दोन स्वरांच्या पॉवर कॉर्डवर कमी आणि पूर्ण मायनर कॉर्डवर जास्त चालतो. पाचव्या तारेवर सातव्या फ्रेटला ई मायनरचा बारे धरा. तोच आकार तसाच तिसऱ्या फ्रेटला न्या, सी मायनर झाला. आता आलटून पालटून वाजवा, चार मात्रा हा, चार मात्रा तो. मानेवरचे केस उभे राहतील.

असं का होतं ते ज्यांच्या घरात पेटी आहे त्यांना पटकन कळेल. ई ला सा धरा. पहिल्या कॉर्डमध्ये सा, कोमल गंधार, पंचम. दुसऱ्यात कोमल गंधार जागच्या जागी राहतो, सा अर्ध्या स्वराने उतरून शुद्ध निषादावर जातो, पंचम अर्ध्या स्वराने चढून कोमल धैवतावर. म्हणजे एक स्वर खांबासारखा उभा आणि दोन बाजूंनी भिंती सरकलेल्या. हे पाचही स्वर कीरवाणीतले आहेत, त्यामुळे ज्यांचा कान शास्त्रीय संगीतावर तयार झालाय त्यांना पुढची वाट आपोआप सापडते. शुद्ध ऋषभ आणि मध्यम जोडा, वरच्या तारेवर एक ओळ खेळवा, रिफ तयार.

वाजवायचं ट्रेमोलो पिकिंगने, वर-खाली वर-खाली, न थांबता. जोर मनगटातून. खांदा दुखला तर तुम्ही दंडातून वाजवताय. पिक जाड घ्या, दीड मिलिमीटरच्या आसपास, आणि टोक तारेला जेमतेम लागू द्या. एकाच तारेवर मेट्रोनोम १२० ला लावून एका ठोक्यात चार फटके, पाच मिनिटं सलग. हे जमलं की दहा-दहाने वाढवा. मी १६० ला थांबलो. आणखी जोरात जाता येईल, पण मग टेक कापावा लागेल, आणि त्याला पानावर नकार आहे.

दोन किंवा तीन रिफचं एक गाणं पुरे. प्रत्येक रिफ तुम्हाला वाटतं त्याच्या दुप्पट वेळ चालवा. ऐकणाऱ्याला कंटाळा येतो, मग कंटाळा ओलांडला जातो आणि तो आत शिरतो. खरं काम त्या दुसऱ्या टप्प्यावर सुरू होतं.

ड्रम

फ्लॅटमध्ये किंवा वाडीत खरा ड्रमसेट कोणी वाजवू देणार नाही, तेव्हा प्रोग्रॅम करा. एमटी पॉवर ड्रमकिट हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि चालून जातं. ब्लास्ट बीट म्हणजे किक आणि स्नेअर आलटून पालटून, राइडची झांज किकसोबत. तो लिहून झाला की स्नेअरचे सगळे फटके निवडून त्यांचा जोर ८५ ते ११० मध्ये विस्कटा. सगळे एकाच जोराचे ठेवलेत तर शिवणयंत्र ऐकू येतं. दर चौथ्या-पाचव्या आवर्तनाला एखादा फटका केसभर उशिरा टाका. यापलीकडे सजावट नको. ड्रम मशीनसारखे वाजतायत याची फार लाज वाटत असेल तर एकट्याने केलेले जुने डेमो ऐका, कित्येकांत तसेच आहेत आणि त्यांचं काही अडलं नाही.

गिटारचा आवाज

आता पेडल. तुमच्याकडे आहे ते. नसेल तर अँपचा आवाज देणारं न्यूरल अँप मॉडेलर फुकट मिळतं, लॅपटॉपवर चालतं. गिटार लॅपटॉपला जोडणारा इंटरफेस साधा घ्या, फोकसराइट स्कार्लेट सोलो किंवा तसलाच कुठलाही. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर रीपर, ६० दिवस चाचणीसाठी मोफत आणि मग वैयक्तिक परवाना ६० डॉलरला.

गेन, म्हणजे आवाज फाटवणारं बटण, तुम्हाला वाटतं त्यापेक्षा कमी ठेवा. पूर्ण मायनर कॉर्डमध्ये तीन वेगळे स्वर असतात, गेन जास्त झाला की तिन्हींचा लगदा होतो. बेस उतरवा, ट्रेबल चढवा, मिड थोडा राहू द्या. रिफ एकदा वाजवून डावीकडे, दुसऱ्यांदा वाजवून उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे ठेवला तर रुंदी येत नाही. दोन हातांतला सूक्ष्म फरकच भिंत उभी करतो.

जुन्या घरांत अर्थिंग नसतं, मग गिटारमध्ये घूं आवाज येतो. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, बराचसा जातो. ट्यूबलाइट बंद करा. पावसाळ्यात कोकणात तारा आठवड्यात गंजतात, वाजवून झालं की पुसा आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. औषधांच्या डब्यांतल्या साठवून ठेवा, तेवढ्या पुरतात.

घसा

यावर थोडा थांबतो, कारण इथे लोक स्वतःचं नुकसान करून घेतात. किंचाळी घशातून ढकलायची नसते. पोट बाहेर येईल असा श्वास भरा, मग खोटं खोकल्यासारखं घसा आवळून हलकेच 'ख' म्हणा आणि त्या खरखरीवरच हवा सोडत राहा. आवाज लहानच असतो, मोठा तो माइक करतो. रिव्हर्ब, म्हणजे घुमारा, बाकीचं बघतो. पहिल्या महिन्यात एका वेळी पंधरा मिनिटांच्या वर नको. गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं तर पाणी प्या, दुखलं तर त्या दिवशी बंद. दुसऱ्या दिवशी बोलताना आवाज बसलेला असेल तर पद्धत चुकली. आठ-पंधरा दिवसांत सुटला नाही तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, मध-आलं चाटत बसू नका.

शब्द मराठीत लिहा, आणि तुमच्या घरच्या मराठीत. नॉर्वेच्या विंडिर या बॅण्डने सोग्न भागातल्या बोलीत गाणी केली, ती अख्ख्या नॉर्वेला तरी धड कळत असतील का कोण जाणे. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, आमची संगमेश्वरी, काहीही चालेल. किंचाळताना आ-कारान्त शब्द लांबवता येतात, म्हणून ओळ 'पाण्याखाली'पेक्षा 'पाण्याखालच्या गावा' अशी संपवा. ख, घ, ठ, ध हवेचा फटकाच देतात, त्यांना ओळीच्या सुरुवातीला ठेवा. जोडाक्षरं मात्र चिरडली जातात.

जागा म्हणाल तर गोधड्यांनी भरलेलं कपाट उघडा आणि त्यात तोंड घालून किंचाळा. उभी केलेली चारचाकी त्याहून बरी. शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा. आमच्या आळीत सगळ्यांना माहीत आहे, आई तर खालून विचारते, "झालं का रे ओरडून? चहा टाकू?"

मिक्स

कच्चा आवाज आणि वाईट आवाज यांत फरक आहे. कच्च्या आवाजात रिफ ऐकू येतो. गिटारचं १०० हर्ट्झखालचं काढून टाका, तिथे बेस आणि किक राहू द्या. बेस गिटार नसेल तर साध्या गिटारचाच एक ट्रॅक एक सप्तक खाली उतरवा. किंचाळीला तीन-चार सेकंदांचा रिव्हर्ब देऊन ती गिटारच्या मागे ढकला. शेवटच्या लिमिटरने, म्हणजे आवाजाची टोकं दाबणाऱ्या प्लगइनने, दोन-तीन डेसिबलच्या वर दाबू नका.

टेपचा आवाज हवा असेल तर प्लगइनऐवजी खरा कॅसेट डेक घ्या. पुण्यात जुन्या बाजारात, बुधवारी किंवा रविवारी, चालू स्थितीतला मिळू शकतो, फक्त तिथेच लावून बघा. आयसोप्रोपिल अल्कोहोलने हेड पुसा, मिक्स टेपवर उतरवा आणि परत लॅपटॉपवर घ्या. जी घरघर येते ती तुमच्या डेकची असते, दुसऱ्या कोणाकडे तशी नसते. कॅसेटवर बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालू नका, हेड खराब होईल.

नाव, चित्र, प्रकाशन

नाव ठेवा आणि पुढे चला. लोगो वाचता आला नाही तरी बिघडत नाही, पण त्यात तोल हवा. नॉर्वेच्या एम्परर बॅण्डचा लोगो करणाऱ्या क्रिस्टॉफ श्पायडेलची अक्षरं उभ्या रेषेवर आरशासारखी दुमडतात. देवनागरीत शिरोरेषा आहे, तिच्यावरून खाली मुळं सोडता येतात, कागदावर पेन्सिलने करून बघा. कव्हरला स्वतः काढलेला फोटो घ्या. मी पुराच्या पाण्याची भिंतीवर राहिलेली रेघ वापरली, बाकी काही नाही.

प्रकाशन बँडकॅम्पवर, वेव्ह किंवा फ्लॅक फाइल चढवून. मुखवटा ठेवायचा असेल तर आधीच ओळखा की पैसे घ्यायला खऱ्या नावाचं खातं लागतंच. मी फुकट ठेवलं आणि थोड्या कॅसेट करून टपालाने पाठवल्या.

आणि हे होणारच: रेकॉर्डिंग बाहेर पडलं की एखादा ड्रमर संपर्क करेल. चांगला वाजवणारा. तेव्हा ते पान काढा आणि 'एकटा' हा त्यावरचा नकार होता की तेव्हाची फक्त अडचण होती, ते बघा. मघाचा विंडिर हा बॅण्ड वाल्फार नावाच्या एकट्या पोराने सुरू केला होता. पहिले दोन अल्बम, १९९७ आणि १९९९ चे, जवळपास सगळे त्याचेच, आणि २००१ च्या '११८४' पासून त्याने पूर्ण बॅण्ड घेतला. ती गाणी मोठी झाली, मोकळी झाली, काही जणांना तीच जास्त आवडतात. मला विचारणारा ड्रमर खेर्डीचा होता, हात सफाईदार. मी त्याला नाही म्हटलं आणि माझं इंटरफेस त्याला पंधरा दिवस वापरायला दिलं, त्याचं स्वतःचं पान लिहून झालं होतं म्हणून.